ओली ताटी

मे महिन्यात नागपूरहून गडचिरोलीच्या बाजूला जुन्या जीपने जाऊ नये, हे आधीच सांगून टाकते. प्रवासाचं लिहिलेलं वाचलं की लोक बॅगा भरायला घेतात. हे वाचून कोणी भरू नये. मी गेले कारण जावं लागलं, आणि लिहिते आहे कारण घरात यावर बोलणं होत नाही.

सदर

आमचं घर नागपुरात, सदरला. खाली बाबांचं कूलरचं दुकान, वर आम्ही दोघं. बाबांनी चाळीसेक उन्हाळे पत्र्याचे कूलर बनवले. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मे महिना मला मोकळा असतो आणि बाबांना मरायला फुरसत नसते. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, हात थरथरतात, तरी कूलरच्या ताट्या ते स्वतःच बांधतात.

ताटी म्हणजे काय ते सांगायला हवं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित एकच अर्थ ठाऊक असेल, तोही असेलच असं नाही. कूलरच्या तीन बाजूंना वाळ्याचं गवत बांबूच्या कामट्यांत बांधून लावतात, त्यावरून पाणी ठिबकत राहतं आणि पंखा त्यातून हवा ओढतो. ती ताटी. माणूस गेल्यावर त्याला न्यायला बांबूंची बांधतात तीही ताटीच. नागपुरात उन्हाळाभर पहिला अर्थ इतका चालतो की दुसरा आम्ही विसरून जातो.

त्या दिवशी संध्याकाळी रत्नावहिनीचा फोन आला. रत्नावहिनी म्हणजे माझ्या आत्याची सून. आत्याचा मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वी वारला, सासू-सुना दोघीच राहतात, आरमोरीच्या पुढे जंगलाच्या अंगाला एका गावात. वहिनी म्हणाली, "मायचं काई खरं नाई वं बाई. मामाजीचं नाव घेऊन राहिली. लवकर या."

मामाजी म्हणजे बाबा, तिच्या नवऱ्याचे मामा. बाबांनी फोन माझ्या हातून घेतला. "बाईले सांग, मी निंगालो. जीप घेऊन येतो म्हना."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण. त्यांची आई लवकर गेली तेव्हा बाबांना बाईनेच वाढवलं. छप्पन सालच्या दीक्षेला ती त्यांना खांद्यावर घेऊन गावाहून नागपूरला पायी आली होती, ही गोष्ट मी लहानपणापासून इतकी ऐकली आहे की मलाच खांदा दुखल्यासारखा वाटतो.

मी म्हटलं, "बाबा, शाळेतल्या एका बाईंची कार मिळते का पाहते."

"तुही कार नाल्याच्या वाळूत बसन, मंग आपन बसू तिच्या टपावर," बाबा म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. गावच्या आधी एक रुंद कोरडा नाला आहे, पूल अर्धवट बांधून ठेवलाय, एस.टी. पक्क्या सडकेवर सोडते आणि तिथून पुढे चालत. बाबांना एवढं चालवलं नसतं.

राहिली जीप. बाबांनी ती तरुणपणी सैन्याच्या लिलावात घेतली होती आणि तिच्यातून बुटीबोरीच्या कारखान्यांत, कोराडीच्या क्वार्टरांत कूलर पोचवले होते. डोंगर चढेल, वाळू तुडवेल, फक्त उन्हात तापते. गेल्या उन्हाळ्यात कोराडीच्या वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकांमागे अशी उकळली की बोनटमधून वाफेचा लोट निघाला. मग मी रेडिएटर उतरवून मिस्त्रीकडे नेला आणि आतला गाळ काढून घेतला. मिस्त्री म्हणाला होता, आता निवांत चालवा. बाबांचा भरवसा बसला नाही. दुसऱ्याच्या हातच्या कामावर त्यांचा भरवसा कधीच नव्हता.

पहाटे खाली आले तर बाबा जीपच्या तोंडाशी उकिडवे बसलेले. समोरच्या जाळीवर त्यांनी नवी कोरी वाळ्याची ताटी बसवली होती, हेडलाइट मोकळे ठेवून बरोबर मापात कापलेली, चारी कोपऱ्यांना सुतळीने आवळलेली. पाण्याच्या दोन कॅना आणि एक मग मागे ठेवलेला.

"हे काय?"

"इंजन काय अन् मानूस काय, बेबी, सारखंच. गरम हवा आत गेली तं गरमच होनार. त्याले थंडी हवा दे, पाह्य कसं चालते."

माझं वय पन्नाशीला आलं तरी मी बेबीच आहे. त्यांनी मगाने ताटीवर पाणी मारलं. वाळ्याचा ओला वास गल्लीत पसरला आणि मला खरोखर बरं वाटलं. आम्ही निघालो. जेवायच्या वेळेच्या आत पोचायचं होतं.

उमरेड

उजाडताना नागपूर सोडलं की तासभर जगात उन्हाळा आहे यावर विश्वास बसत नाही. हवा गार, रस्ता मोकळा. बाबा काट्याकडे पाहत होते. तापमानाचा काटा अर्ध्याच्या जरा वर होता. त्यांनी दोनदा सांगितलं, "पाह्य, ताटीची करामत." मी मान हलवली.

उमरेडजवळ कोळशाचे ट्रक लागले आणि आमची चाल बैलगाडीची झाली. सूर्य वर आला. काटा सरकू लागला. मी म्हटलं, "बाबा, काटा वर जाऊन राहिला."

"ताटी सुकली असन. बाजूले घे."

बाजूला घेतली. बाबा काठी टेकत उतरले, ताटी भिजवली, पुन्हा भिजवली. मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला तर ओरडले, "त्याले हात लावू नको, तोंड भाजन." बोनट उघडून आम्ही एका बंद टपरीच्या सावलीत बसून राहिलो. काटा हळूहळू खाली आला. बाबा समाधानाने उठले. "पान्याची तहान होती तिले, बाकी काई नाई."

पुढे पुन्हा तेच. थोडं चालायचं, काटा चढायचा, थांबायचं, भिजवायचं. भिवापूर येईपर्यंत एक कॅन संपली. एरवी हा रस्ता मला आवडतो. मिरच्यांच्या हंगामात इथली अंगणं लालभडक असतात आणि गाडीतल्या माणसालाही ठसका लागतो. आता अंगणं रिकामी होती, बाभळीखाली गुरं जीभ काढून उभी होती, आणि मी मनात रत्नावहिनीच्या फोनची वाट पाहत होते, येऊ नये म्हणून.

नागभीडच्या अलीकडे

एका ढाब्यावर पाणी भरायला थांबलो. बाबांनी खिशातला कांदा काढून हुंगला. उन्हाची लू लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात. माझ्या पर्समध्येही होता, आईने लावलेली सवय. बाबांना मी आलूपोहे घ्यायला लावले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि प्लेट सरकवली.

बाजूच्या बाजेवर एक ट्रक ड्रायव्हर चहा पीत बसला होता. आमच्या वाफाळणाऱ्या बोनटकडे पाहून म्हणाला, "चाचा, हीटर है क्या इसमें? फुल खोल दो. इंजन की गर्मी अंदर आ जाएगी, गाडी चल जाएगी."

जीपला हीटर होता. सैन्यातली ती, कुठल्यातरी बर्फाच्या मुलखातली. नागपुरात तो कधी कोणी चालवला नव्हता. बाबांनी त्याच्या तोंडात चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या, उंदीर येऊ नयेत म्हणून.

ड्रायव्हरची नजर ताटीवर गेली. "ये क्या बांध रखा है?"

बाबांनी हौसेने सांगितलं, वाळा, पाणी, हवा, कूलर. "चालीस साल से यही काम कर रहा हूं."

"अच्छा," ड्रायव्हर म्हणाला आणि चहा संपवून निघून गेला.

मी चिंध्या उपसल्या आणि हीटर पूर्ण उघडला. बाहेर जमीन भाजत होती आणि आत आमच्या पायांवर भट्टीची हवा येत होती. चपलेचा तळ मऊ पडला. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. बाबा ओल्या दुपट्ट्यात डोकं गुंडाळून शांत बसले होते. काटा मात्र जरा उतरला. नागभीड गेलं, ब्रह्मपुरी गेली. वैनगंगेच्या पुलावरून खाली पाहिलं तर नदीपेक्षा वाळूच जास्त होती.

मोहाचं झाड

आरमोरीच्या पुढे जंगल लागतं. तेंदूपत्त्याचे दिवस होते. रस्त्याकडेच्या उघड्या जागेत पानांचे पुडे ओळीने वाळत घातले होते, बायका डोक्यावर गाठोडी घेऊन परतत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी हात वर केला. एकीने विचारलं, "कोनाकडे चालले जी?" मी गावाचं नाव सांगितलं.

फाट्याला वळून कच्च्या रस्त्याला लागलो आणि काटा थेट लाल पट्टीत गेला. हीटर चालू होता, तरी गेला. बोनटखाली पाणी खदखदल्याचा आवाज आला. समोर एक मोठं मोहाचं झाड होतं, तिथवर कशीबशी नेली आणि बंद केली.

दुपार टळटळीत होती. तिथून गाव फार लांब नव्हतं. नाला ओलांडला की घरं दिसतात. फोनला रेंज नव्हती. मी म्हटलं, मी चालत पुढे जाते, कोणाची मोटरसायकल घेऊन येते. बाबा म्हणाले, "या उन्हात तू पडली तं मी कोनाकडे पाहू? बस."

ते ताटी भिजवत राहिले. वाळू, कोळशाची भुकटी, रस्त्याची धूळ, सगळं त्या गवतात बसून त्याचा लगदा झाला होता. ते बोटांनी धूळ खरवडून काढत आणि पुन्हा पाणी मारत. ओली ताटी जड होऊन जाळीला घट्ट चिकटली होती. "आनखी भिजली पाहिजे," ते म्हणत होते. "आतपर्यंत भिजली पाहिजे."

मग थकून बुंध्याला टेकून बसले. बराच वेळ गेला. इंजिन टकटक करत निवत होतं. बाबा समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाले, "बाई मले खांद्यावर घेऊन पायी आली होती नागपूरले. अनवानी. टायमावर पोचली होती, बेबी."

मी म्हटलं, "आपणही पोचू."

"हो," ते म्हणाले. "गाडी हाये आपल्याजवळ."

आत्याचं गाव

नाला जीपने छान ओलांडला, तिच्याबद्दल एवढं चांगलं बोलायला हवं. चारही चाकांना ताकद दिली आणि ती वाळूत डुलत डुलत पलीकडे गेली. गावात शिरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आत्याच्या अंगणात बायका बसल्या होत्या, पुरुष कडूनिंबाखाली उभे होते. रत्नावहिनी दारात आली, बाबांच्या पाया पडली.

आत्या आत खाटेवर होती. डोळे मिटलेले, तोंड उघडं, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. बाबांनी हाक मारली, "बाई. बाई, मी आलो." आत्याने ऐकलं असं दिसलं नाही.

"दुपारपर्यंत बोलत होती," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "घडीघडी इचारे, लाहान्या आला का, जीपचा आवाज आला का. मी म्हनो, येऊन राहिले. जेवनं झाल्यावर चूप झाली, मंग बोलली नाई."

जेवणं झाल्यावर. तेव्हा आम्ही मोहाखाली होतो. मी बाबांकडे पाहिलं नाही.

खोलीत पत्र्याचं छप्पर होतं आणि हवा जणू तव्यावरून उचलून आणलेली. एक पंखा होता, वीज नव्हती. बाबांनी वर पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि एकदम कामाला लागलेल्या माणसासारखे बाहेर आले. अंगणातूनच ओरडले, "बेबी, ताटी सोड. ताटी आन इकडं."

सगळ्या बायकांनी माना वर केल्या. एक म्हातारी उठून उभी राहिली. "काहून गा? जीव हाये तिच्यात अजून."

बाबांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते अंगणातच थबकले. मीच म्हटलं, "खिडकीची ताटी, आजी. गवताची. हवा थंड यायला." म्हातारी पुन्हा खाली बसली, पण तिची नजर जीपवरून हटली नाही.

मी सुतळी कापली, ताटी हौदाच्या पाण्यात धुतली. काळं पाणी निघालं. बाबांनी ती खिडकीत बसवली, मापाला जरा लहान पडली तर कडेला पोतं लावलं. पाणी मारलं. संध्याकाळचं वारं सुटलं होतं, ते ताटीतून आत आलं, गार, वाळ्याचा वास घेऊन. वहिनी म्हणाली, "किती बरं वाटते."

बाबा खाटेशी बसले आणि मगाने पाणी मारत राहिले. एकदा म्हणाले, "नाक हालवलं तिनं. वास आला तिले." मला तसं काही दिसलं नाही. मी "हो" म्हटलं.

वहिनीने मला पेज दिली. नागपुरात पाहुणा आला की आम्ही आधी चहा टाकतो. इथे उन्हाळ्यात तांदळाची पेज देतात, खडे मीठ आणि कैरीची फोड बरोबर. चांगली लागली. अशा वेळी चव लागते याची लाज वाटली, आणि तरी मी वाडगा रिकामा केला.

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. बाबा ताटीवर पाणी मारत होते. वहिनीने त्यांच्या हातातून मग घेतला तेव्हा त्यांना कळलं.

पुरुषांनी बांबू तोडून आणले. बाबांना कोणी बोलावलं नाही, ते आपणहून जाऊन बसले. मोतीबिंदूने दिसत नव्हतं, तरी कामट्या चाचपून त्यांनी सुतळीच्या गाठी मारल्या, कूलरच्या ताटीला मारतात तशाच, दोन वेढे आणि आत खोचलेलं टोक. त्यांचे हात तेवढा वेळ थरथरले नाहीत. अंगणात सगळ्यांनी त्रिशरण पंचशील म्हटलं. बाबांचा आवाज सगळ्यांच्या जरा मागे राहत होता.

परत

राख सावडल्यावर आम्ही निघालो. वहिनीने थांबायचा आग्रह केला, पण बाबांना थांबवत नव्हतं. तिने विचारलं, "खिडकीची ताटी काढून देऊ का मामाजी? तुमच्या गाडीची हाये."

"राहू दे तुह्याकडं. उन्हाळा बाकी हाये."

पुन्हा भर दुपार. या वेळी मला काही घाई नव्हती. नाला ओलांडला. मोहाचं झाड आलं. मी काट्याकडे पाहिलं. अर्ध्यावर होता. मला वाटलं, इंजिन अजून पुरतं तापलेलं नसेल.

आरमोरी गेली. काटा अर्ध्यावर. वैनगंगेचा पूल गेला. ढाबा आला, मी थांबले नाही. हीटर मी सुरूच केला नव्हता. भिवापूरच्या पुढे ट्रकांची रांग लागली, तीच बैलगाडीची चाल, तेच डोक्यावरचं ऊन. डांबर चकाकत होतं. स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता म्हणून मी दुपट्टा गुंडाळला होता. काटा अर्ध्यावरच होता. मिस्त्रीने रेडिएटर चांगला धुतला होता. त्याला फक्त समोरून हवा मिळायला हवी होती, आणि जाताना तीच ताटीने अडवली होती.

मला कळलं तेव्हा मी काटा दिसू नये म्हणून जरा पुढे सरून बसले. फार मूर्खपणाचं होतं ते. बाबांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण चाळीस वर्षं ते हवा कुठून येते आणि कुठे अडते, हेच पाहत आले होते.

"बेबी," ते म्हणाले. "हीटर चालू हाये का?"

"नाही."

"काटा कुठं हाये?"

मी सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, सुचलं नाही.

त्यांनी मान मागे टेकवली. उमरेड मागे पडलं. मला वाटलं, झोपले असतील. मग ते समोर पाहत म्हणाले, "ऊन कमी हाये वं आज. त्या दिवसापेक्षा."

"हो बाबा," मी म्हटलं. "आज बरंच कमी आहे."

त्यांनी कापडी पडद्यातून हात बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर ठेवला. चटका बसून लगेच मागे घेतला. मग तो हात दुसऱ्या हातात धरून ते नागपूर येईपर्यंत तसेच बसून राहिले.